ओतारआळी आणि यंत्रपेठ

पुष्कळ पिढ्यांपूर्वी नदीच्या वळणावर एक शहर झपाट्याने वाढत होते. त्या वळणाच्या काठाला ओतारआळी होती. चाळीस घरे, चाळीस भट्ट्या. पितळ ओतून घंटा, कड्या आणि दातेरी चाके करायची, हे तिथल्या लोकांचे काम. त्यांत सगुणाबाईचा हात सगळ्यांत सरस. तिने ओतलेल्या चाकाच्या दात्यांत केसाएवढाही फरक नसे.

शेजारच्या राजाने मोठी यंत्रपेठ उभारली, दूरदूरचे यंत्रकार तिथे येऊन राहिले, असे या शहराच्या राजाच्या कानावर आले. राजाला चैन पडेना. आपल्याकडेही यंत्रपेठ हवी, आणि त्याहून मोठी हवी, असे त्याने ठरवले. प्रधानाने जागा शोधली ती नेमकी ओतारआळीची.

सगुणाबाई दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, साच्याला लागते ती चिकण माती फक्त त्या वळणावर मिळते. आम्हाला तिथून उठवलंत तर आमचं कामच बसेल. पलीकडे गायरान मोकळं पडलंय, पेठ तिथे बांधा."

प्रधान म्हणाला, "बाई, गायरानातून नदी दिसत नाही. आणि येणाऱ्या पाहुण्यांना तुमच्या भट्ट्यांचा धूर सोसायचा नाही."

राजा म्हणाला, "शहर मोठं व्हायचं तर कोणाला तरी सरकावंच लागतं."

"मग सरकायचं ते आम्हीच का, महाराज?" सगुणाबाईने विचारले.

राजाने हात हलवून तिला जायला सांगितले. आठव्या दिवशी शिपाई घण घेऊन आले. तिच्या आजेसासऱ्याने रचलेली भट्टी त्यांनी तीन घावांत फोडली. सगुणाबाई रडली नाही. तिच्या अंगाची आग आग होत होती.

चाळीस कुटुंबे डोंगरापलीकडच्या एका लहान गावी गेली. तिथल्या धनगरांनी त्यांना ओढ्याकाठी जागा दिली, पहिले सहा महिने दूधही पुरवले. माती निराळी होती. कितीतरी साचे तडकले. वर्षभराने पहिले चाक नीट उतरले.

इकडे यंत्रपेठ सजली. दगडी दालने, कारंजी, दहा वर्षे करमाफी. दवंडी ऐकून यंत्रकारांचे पाच तांडे आले. त्यांच्या वृद्ध प्रमुखाने सगळे पाहिले, वाखाणले आणि मग विचारले, "ओतारी कुठे बसतात?"

प्रधान गोंधळला. प्रमुखाने झोळीतून एक पितळी चाक काढले. "हे मी एका जत्रेत विकत घेतलं. असं चाक ओतणारी माणसं इथे आहेत, म्हणून आम्ही आलो. दालनं काय, आम्हाला कुठेही मिळाली असती."

खरे काय ते कळल्यावर त्याने तिथे एक रात्रही काढली नाही.

राजाने प्रधानाला पालखी घेऊन सगुणाबाईकडे धाडले. ती साचा लिंपत होती. "परत चला. दुप्पट जागा देतो," प्रधान म्हणाला.

हात न थांबवता ती म्हणाली, "पाहुण्यांसाठी उठवलंत, आता पाहुण्यांसाठीच बोलावताय. आम्ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या होतो, तेव्हा आम्हाला माणसांत धरलं नाहीत. पालखी रिकामीच न्या."

मग यंत्रकारच डोंगर ओलांडून आले. कार्यशाळेसाठी सपाट जमीन हवी होती, आणि सपाट जागा एकच होती, धनगरांच्या मेंढवाड्याची. ओताऱ्यांतलाच एक जण म्हणाला, "ते काय, फिरते लोक. बसतील कुठेतरी."

सगुणाबाई ताडकन उठली. "तुझी भट्टी फुटली तेव्हा तुला दूध कोणी पाजलं? वाड्याची एक काठी जरी हलली, तर या गावात मी पुन्हा चाक ओतणार नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कार्यशाळा पलीकडच्या खडकाळ उतारावर बांधली. खडक फोडण्यात एक वर्ष जास्त गेले. मेंढ्या होत्या तिथेच राहिल्या. पुढे त्या गावचे पाणी ओढणारे रहाट सात राज्यांत गेले, आणि धनगरांच्या लेकी यंत्रकार झाल्या.

राजाच्या यंत्रपेठेत मात्र कोणी आले नाही. दालनांत कबुतरे राहू लागली, आणि कारंज्यांत शेवाळ माजले.

बोध: बाहेरच्यांना बोलावण्यासाठी जो आपल्याच माणसांना उठवतो, तो ज्यांच्यामुळे लोक येतात त्यांनाच गमावून बसतो.