पळसाच्या फुलाचा मान

पूर्वी वेत्रनगरात कीर्तिषेण राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने राजाच्या मृगपालाच्या घरी जन्म घेतला. हे मूल एकदा एखाद्या गोष्टीकडे बघू लागले की पापणी लववायचे विसरून जाई, म्हणून त्याचे नाव अनिमिष पडले.

मृगपालाचे काम म्हणाल तर आरामाचे. नदीपलीकडे गवताचे मोठे रान होते आणि त्यात बारशिंग्यांचे कळप राहत. थंडी सरताना रानाच्या कडेच्या पळसाला पहिले फूल आले की मृगपालाने ते तोडून दरबारात न्यायचे, आणि राजाने त्याच दिवशी वर्षाच्या पारधीची आज्ञा द्यायची. 'पळस फुलला, बाण सुटला' अशी म्हणच नगरात होती. फूल आणणाऱ्याला राजाच्या हातून शेला मिळे. त्याचे ऐकून पारध टळली, तर मात्र दंडक मोडला म्हणून त्याला नगर सोडावे लागे. अनिमिषाच्या बापाने आणि आजोबाने जन्मभर पळसाकडे बघितले, शेले घेतले आणि सुखाने डोळे मिटले.

अनिमिष मात्र झाडाखाली बसल्या बसल्या रानाकडेही बघू लागला. वारा तोंडावर घेऊन बसले म्हणजे माणसाचा वास कळपाला जात नाही, हे तो आपले आपण शिकला. कोणती मादी लंगडते, कोणती पाणवठ्यावर सगळ्यांच्या मागून येते, हे त्याला ओळखू येऊ लागले. पाडसाने ढुसणी दिली की आई उभी राहते की लाथेने त्याला बाजूला सारते, हे तो दुरून पाहून ठेवी. लेंड्या फोडून तो पाडस गवत खाऊ लागले की नाही ते ठरवी. "मृगपाल लेंड्या वेचतो!" म्हणून लोक हसत. तोही हसे, कारण ते खरेच होते.

अशी बरीच वर्षे गेली आणि त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. नदीच्या वरच्या अंगाचे जंगल विटांच्या भट्ट्यांसाठी तोडले गेले होते. थंडी पूर्वीसारखी पडेनाशी झाली आणि पळस दर वर्षी थोडा आधी फुलू लागला. पाऊस मात्र लांबू लागला. त्यामुळे गवत उशिरा वाढे आणि माद्या उशिरा वीत. शेवटी एका वर्षी पहिले फूल उमलले, तेव्हा पाडसे अगदीच लहान होती. हाकाऱ्यांचे ढोल वाजले असते तर ती पळाली नसती, गवतात अंग चोरून बसली असती. त्यांच्या आया पारधीत पडल्या की तीही उपाशी मरणार होती. कळप आधीच विरळ झाला होता. या पारधीनंतर रान रिकामे होणार, हे अनिमिषाला स्पष्ट दिसत होते.

तो फूल ओंजळीत घेऊन घरी आला. त्याचा उतरलेला चेहरा बघून बायकोने, धारिणीने, काय झाले ते विचारून घेतले.

"अहो, मग ते फूल चुलीत टाका," ती म्हणाली. "पाडसं मोठी झाली की दुसरं घेऊन जा. त्या रानात कोण बघायला येतंय?"

"यंदाचं निभेल," अनिमिष म्हणाला. "पुढच्या वर्षी पळस आणखी आधी फुलेल. तेव्हा काय करू? आणि एकदा खोटा पडलो, तर माझ्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"खरं सांगितलंत आणि पारध टळली, तर घर जाईल."

"जाईल."

धारिणी उठून फळीपाशी गेली. मग म्हणाली, "तर मी भांडी बांधून ठेवते." आणि तिने खरोखरच भांडी गाठोड्यात बांधायला घेतली. अशी बायको लाभली याबद्दल अनिमिषाला फार धन्य वाटले.

दरबारात पारध्यांचा नायक मल्लक कमरेला भाता बांधून उभा होता. बाहेर हाकारे ढोल तापवत होते. अनिमिषाने फूल राजाच्या पायाशी ठेवले.

"महाराज, पळस फुलला आहे. पण पारधीची आज्ञा देऊ नये. पाडसं अजून आईच्या अंगावर पितात."

"कुठल्याही वर्षी पळसाला पानं तीनच, महाराज," मल्लक म्हणाला. "फूल आलं की पारध. यात हा नवीन काय सांगतो?"

सगळे हसले. राजा हसला नाही. तो मनाने वाईट नव्हता आणि पूर्वजांना पाणी दिल्याशिवाय अन्नाला शिवत नसे. "अनिमिषा, तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण हा दंडक माझ्या पूर्वजांनी घातला. त्यांनी मिळवलेलं राज्य खायचं आणि त्यांचाच शब्द मोडायचा? मी कृतघ्न ठरेन."

अनिमिषाला राग आला नाही. राजाची भावना खोटी नव्हती. त्या नगरात आणखी एक रीत होती. पळस फुलला की घरोघरी अंगावरच्या मुलांचे दूध तोडीत. पारधीला निघण्याआधी राजाला बाळ दिसावे म्हणून दाई सुमुखी तान्ह्या युवराजाला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. अनिमिषाने तिकडे बघितले.

"महाराज, आज युवराजांचंही दूध तोडणार ना?"

"भलतंच काय! अजून त्याला एकही दात आलेला नाही."

"पण पळस फुलला, महाराज."

राजाने उत्तर द्यायच्या आत सुमुखीच बोलली. तिने राजालाही वाढवले होते, त्यामुळे तिला दरबाराचे भय नव्हते. "फुलला तर फुलला! झाडाचं झाडापाशी, लेकराचं लेकरापाशी. महाराज, तुमचंसुद्धा आधी दात बघून मग दूध तोडलं मी. आम्हा दायांच्या गाण्यातही फूल वेगळं, दूध वेगळं."

"कोणतं गाणं?"

"पळस फुलला, दूध सुटलं, बाण सुटला. मधलं तुम्ही पुरुषांनी गिळलंत आणि बाण घेऊन पळालात!"

राजाने ते शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघितले. अनिमिषाने हात जोडले.

"महाराज, तुमच्या पूर्वजांना फुलाचं काही नव्हतं. पाडसांचं दूध सुटेपर्यंत त्यांना बाण आवरायचा होता. रोज रानात जाऊन कोण बघणार, म्हणून त्यांनी एक झाड खुणेला धरलं. तेव्हा झाड आणि पाडस यांची वेळ जुळत होती. आता जुळत नाही. मोठ्या दयेची माणसं होती ती. मी त्यांचाच शब्द पाळा म्हणतो आहे, पण पुरता."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा ढोल न वाजवता, अनवाणी, अनिमिषामागोमाग रानात गेला आणि वारा तोंडावर घेऊन बसला. एक मादी गवतातून बाहेर आली. तिच्यामागून धडपडत पाडस आले आणि दूध पिऊ लागले. त्याच्या हनुवटीला फेस लागला होता. राजा पुष्कळ वेळ बघत राहिला.

"हे दर वर्षी बघावं लागेल का?" त्याने हळूच विचारले.

"दर वर्षी, महाराज. रान बदलतं आहे. एकदा बघून भागणार नाही."

राजाने जुना दंडक आणि त्याबरोबरची नगर सोडण्याची शिक्षाही काढून टाकली. मृगपालाने रानात जाऊन बघावे, पाडसांचे दूध सुटले असे सांगावे, आणि कळप भरलेला असेल तरच बाण उचलावा, असा नवा दंडक झाला. नदीच्या वरच्या अंगाची तोड त्याने थांबवली. रिकामा बसलेला मल्लक अनिमिषाच्या हाताखाली माग काढायला गेला. पहिल्यांदा त्याने खूप कुरकुर केली, पण पुढे लेंड्यांवरून तो अनिमिषाशीच वाद घालू लागला.

धारिणीने भांडी सोडून पुन्हा फळीवर लावली. अनिमिष एकटाच रानाच्या कडेला गेला आणि त्याने कळपापुढे हात जोडले. "बाबांनो, तुम्ही मला जवळ बसू दिलंत, बघू दिलंत," तो म्हणाला. "हे ऋण मी कसं फेडू?" लंगड्या मादीने मान वर करून त्याच्याकडे बघितले आणि ती पुन्हा चरू लागली.

पूर्वजन्मी बोधिसत्त्व असलेल्या शास्त्यांनी ही कथा भिक्षूंना सांगितली, त्या वर्षी पाऊस वर्षावासाच्या तिथीआधीच आला होता. कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्षूंनी पावसात एका जागी राहावे, असा नियम आहे. पण गोमिक नावाचा भिक्षू, तिथीला अवकाश आहे, असे म्हणत हिरव्यागार शेतांतून चालत आला होता. त्याच्या पायांना चिखल आणि चिरडलेले अंकुर चिकटले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा मल्लक म्हणजे आजचा गोमिक. सुमुखी म्हणजे विहाराच्या दाराशी रोज भात वाढणारी ही वृद्ध उपासिका. धारिणी म्हणजे राहुलची माता. राजा कीर्तिषेण म्हणजे आनंद, आणि मृगपाल अनिमिष मी स्वतः होतो. भिक्षूंनो, ज्यांनी आपल्यावर उपकार केले त्यांचा शब्द घोकणे सोपे आहे. त्यांनी ज्या जिवांसाठी तो शब्द उच्चारला, ते जीव आज कुठे आहेत हे उठून बघणे, याला कृतज्ञता म्हणतात."

गोमिकाने खाली वाकून पायाला चिकटलेले अंकुर एकेक करून काढले, आणि त्या पावसाळ्यात तो तिथून हलला नाही.