अतिशयोक्तीचं उदाहरण

संस्थानच्या पाठशाळेत एका मुलीला अलंकार शिकवणं धुंडिराजशास्त्र्यांच्या जिवावर आलं होतं. पण राजेसाहेबांचा हुकूम! शेवटी शास्त्रीबोवांनी भर दरबारात तिची परीक्षा मागून घेतली. सगुणा एकदा जरी चुकली, तरी पाठशाळेचं दार तिला कायमचं बंद होणार होतं.

उपमा झाली, रूपक झालं. पोरगी अडेना, तसा शास्त्रीबोवांचा पारा चढला.

"अतिशयोक्तीचं उदाहरण दे!" ते गरजले.

ती काहीही बोलली तरी चूकच म्हणायचं, हे त्यांनी ठरवलेलं सगुणाने त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पण हार मानायला ती आलीच नव्हती. रोज धड्याआधी शास्त्रीबोवा मुलांकडून स्वतःची स्तुती म्हणवून घेत, तीही राजवाड्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तीच तिने खड्या आवाजात म्हटली, "आमच्या गुरुजींची विद्या एवढी, की साक्षात बृहस्पती त्यांच्याकडे शिकायला येतो!"

"साफ चूक!" शास्त्रीबोवा ओरडले.

"म्हणजे ही अतिशयोक्ती नाही, खरं आहे?" सगुणाने हात जोडले. "मग गुरुजी, उद्या बृहस्पती आले, की राजेसाहेबांनाही दर्शन घडवा."

दरबारात खसखस पिकली. शास्त्रीबोवा खाली मान घालून पुटपुटले, "उत्तर बरोबर आहे."

"मोठ्याने, शास्त्रीबोवा," राजेसाहेब म्हणाले. "रोज स्तुती ऐकता, तेवढ्या मोठ्याने."