पाहुण्याच्या पाठीमागची फरशी

एका राज्यात, सकाळी घटिकापात्र चौथ्यांदा बुडालं, नेमक्या त्या क्षणी सुरंगा राणीच्या हातून आगळीक घडली. कंकाळ मांत्रिक राजपुत्राला आशीर्वाद देऊन निघाला होता. त्याच्या पायांना चिखल. राजपुत्र नुकता रांगू लागलेला, दिसेल ते तोंडात घालणारा. राणीला धीर धरवेना. मांत्रिकाचं पाऊल उंबऱ्यावरच होतं, तोच तिनं त्याच्यामागं ओलं फडकं फिरवलं.

मांत्रिक वळला. "निघाल्या माणसामागं जमीन पुसतात, ती तो परत येऊ नये म्हणून. मी येईन, दिवस मावळताना. तोवर या महालाच्या तिन्ही दालनांच्या जमिनी तुझ्या हातून हसल्या नाहीत, तर लेकरू दगडाचं होईल."

राजपुत्राचे तळवे तिथल्या तिथं दगडाचे झाले.

राणीनं पदर खोचला. आधी संगमरवरी दिवाणखाना. चांगलं लख्ख व्हावं म्हणून ती पाण्यात लिंबू पिळणार, तो खिडकीतली साळुंकी बोलली, "बाईसाहेब, आंबटानं संगमरवराचं तोंड उतरतं. मग हसेल कशानं?" राणीनं साध्या पाण्यानं पुसलं, कोरड्यानं टिपलं. संगमरवर मंद हसला.

मग लाकडी शयनगृह. फडकं ठिबकत होतं, फळ्या कण्हू लागल्या. राणीनं ते मनगट दुखेतो पिळलं आणि फळ्यांच्या रेघेनं फिरवलं. फळ्या खुदखुदल्या.

उरला मुदपाकखाना, तेलानं माखलेल्या काळ्या फरशीचा. राणीनं रिठे घालून पुसलं, पुन्हा पुसलं. फरशी गप्प. तिकडे लेकरू छातीपर्यंत दगड झालेलं.

"दोन्ही दालनांचा मळ बादलीतून इथं आणलात," साळुंकी म्हणाली. "आता पाणी कोण बदलणार, मांत्रिक?"

राणी ओशाळली. पाणी ओतून दिलं, फडकं खळबळून घेतलं, नवं ऊन पाणी भरलं. कोपऱ्यापासून दाराकडे मागं सरत तिनं सारं पुसून काढलं. फरशी चमकली, पण हसेना. दिवस मावळतीला टेकला होता, आणि दारात कंकाळ उभा होता. पायांना तसाच चिखल. त्यानं पाऊल उचललं.

 पण राणीची नजर चिखलावर नव्हती, म्हाताऱ्या पायांवर होती.

"थांबा बाबा. फरशी ओली आहे, पाय घसरेल."

तिनं कोरडं गोणपाट अंथरलं, त्यावर त्याचे पाय पुसले, हात धरून त्याला आत आणून बसवलं. तशी फरशी खळखळून हसली. राजपुत्राच्या अंगात ऊब आली, आणि तो रांगत थेट मांत्रिकाच्या दाढीपाशी पोहोचला.

मांत्रिक निघाला, तेव्हा राणी फडकं हातात घेऊन उभी राहिली. म्हातारा वेशीपलीकडे दिसेनासा झाला, मगच तिनं गोणपाटाभोवतीचा चिखल पुसला, आणि फरशी वाळेतो लेकराला कडेवरच ठेवलं.

ऐकलंत, तर शेजारणीलाही सांगा: पाहुणा नजरेआड होऊ द्यावा, मग फडकं घ्यावं, आणि ओल्या फरशीवर कुणी पाऊल टाकण्याआधी हाक द्यावी. तिलाही म्हणावं, पुढं सांग.