रंगरावांचा भंडारा

निवडणूक आली की वाडीचे सरपंच रंगराव घरोघरी साड्या वाटत आणि देवाचा भंडारा उचलायला लावून मताची शपथ वदवून घेत. यंदा त्यांच्याविरुद्ध नवखी रेवती उभी होती. "आपण सगळे मिळून नळ आणू," असं ती हसून सांगे.

रंगराव आपली माणसं आणि भंडाऱ्याचं ताट घेऊन गजराबाईंच्या दारी आले. "मावशी, ती पोरगी नुसती आशा दाखवते. उचला भंडारा!"

"उचलते की! आधी तुम्ही उचला आणि म्हणा, मागच्या खेपेला कबूल केलेला नळ मी आणला."

रंगरावांचा हात ताटाजवळच थांबला. "मग तिचा शब्द तरी खरा कशावरून?" ते चिडून म्हणाले.

"तिचा खरा की खोटा, ते पाच वर्षांनी ठरेल. तुमचा तर ठरून गेलाय!"

रंगरावांच्या माणसांनाही हसू आवरेना.