टिचकूचा पंखा फिरेना

एका जीपच्या मागे एक घर जोडलं होतं. चाकांवरचं घर! जीप जाईल तिकडे जायचं. घरात कोण कोण? गुंडोकाका, शरयूकाकू आणि इवलासा टिचकू उंदीर.

दुपार झाली. काकांना चिंचेची गार सावली दिसली. लावली तिथेच गाडी. गाडी तापायला नको ना! मागून आलं दुसरं घर. त्याला सावली उरलीच नाही. ते बसलं उन्हात. काका खुशीत हसले.

टिचकू पंख्यासमोर बसला.
घर्र... घर्र... घ.
पंखा गप्प! गेला टिचकूचा वारा.

उन्हातल्या घरात होती एक खार. तिचा पंखा भिर्र भिर्र. तिची शेपटी फुर्र फुर्र. टिचकूला असा हेवा वाटला, असा हेवा वाटला! नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"पंखेमामा, फिरा ना! खारीचा फिरतो भिर्र भिर्र!"
"बॅटरी भरू दे, मग फिरतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"बॅटरीमावशी, भर ना! पंखा फिरेना. खारीचा फिरतो भिर्र भिर्र!"
"छपरावरचा सोलर तापू दे, मग भरते."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"सोलरदादा, ताप ना! बॅटरी भरेना, पंखा फिरेना. खारीचा फिरतो भिर्र भिर्र!"
"मी सावलीत रे! जीप हलू दे, मग तापतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"जीपताई, हल ना! सोलर तापेना, बॅटरी भरेना, पंखा फिरेना. खारीचा फिरतो भिर्र भिर्र!"
"काका उठू देत, मग हलते."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"काका, उठा ना! जीप हलेना, सोलर तापेना, बॅटरी भरेना, पंखा फिरेना. खारीचा फिरतो भिर्र भिर्र!"
"चहा येऊ दे, मग उठतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"काकू, चहा द्या ना! काका उठेनात, जीप हलेना, सोलर तापेना, बॅटरी भरेना, पंखा फिरेना. खारीचा फिरतो भिर्र भिर्र!"
"गाळणी सापडू दे, मग देते. कोणी नेली मेली!"

टिचकूचे कान लाल लाल.
गाळणी कुठे होती? टिचकूच्या बिळात! कापूस घालून तो तिच्यात झोपायचा.
द्यायची? मग गादी जाईल.
नाही द्यायची? मग खार एकटीच वारा खाईल!
टिचकूने गाळणी ओढत आणली. खण खण, खण खण.
"अगं बाई! चोर तो तूच होय!" काकू म्हणाल्या.

काकूंनी चहा गाळला. काका चहा प्यायले, सुर्र सुर्र. "बरं बाबा, उन्हात तर उन्हात!" म्हणत उठले. जीप हलली, घुर्र घुर्र. सोलर तापला, चम चम. बॅटरी भरली, टुक टुक.
आणि पंखा फिरला, भिर्र भिर्र!
टिचकूच्या मिशा उडाल्या, फुर्र फुर्र.

खार ओरडली, "टिचकू, माझा पंखा बघ, केवढा मोठा!"
टिचकू म्हणाला, "काय? ऐकू येत नाही गं. इकडे वारा फार!"