ओल्या फळीचे तेल

पुष्कळ पावसाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता. पैलतीरी नेणारी नाव त्याची एकट्याचीच, आणि तीही गळायला लागलेली. लोक जीव मुठीत धरून बसत. म्हणून त्याने नवी नाव बांधायला घेतली.

फळ्या कापून झाल्या. त्यांना उंडीच्या बियांचे तेल पाजले की लाकूड पाणी धरत नाही. हे तेल गावात एक म्हातारी काढायची. तिची रीत ठरलेली होती. ती आधी प्रत्येक फळीला गाल लावून पाही. फळी गार लागली, तर तेल मिळत नसे.

"ओली आहे," नावाड्याच्या फळीला गाल लावून ती म्हणाली. "उन्हाळाभर सावलीत ठेव."

"आजी, लाकडाचा मुका घेऊन तुला काय कळतं गं?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं, मेल्या! तेल म्हणजे बंद दार. बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. कोंडलेलं पाणी लाकूड कुजवतं."

"आणि तोवर मी काय करू?"

"जुन्या नावेतलं पाणी उपस."

नावाडी धुसफुसत परतला. घरी वाटीभर जुने तेल होते. आपण बसायच्या फळीला ते त्याने त्याच दिवशी गुपचूप चोपडले. बाकीच्या फळ्या मात्र नाइलाजाने वाळू दिल्या आणि मगच त्यांना म्हातारीचे तेल पाजले.

नाव झाली. पहिली दोन वर्षे नीट गेली. तिसऱ्या पावसाळ्यात एके दुपारी तो बायकोला आणि तान्ह्या लेकीला माहेराहून आणत होता. खाडी फुगली होती. मध्यावर आल्यावर त्याच्या बुडाखालची फळी कडकन मोडली आणि तो नावेत तोंडघशी आदळला. फळी वरून चकचकीत होती, आतून काळा लगदा झाली होती.

त्याने घाबरून नावेचा तळ चाचपला. सगळीकडे कोरडे होते. उरलेली खाडी त्याने उभ्यानेच वल्हे मारत पार केली.

काठाला लागताच त्याने थेट म्हातारीकडे जाऊन लेकीला तिच्या मांडीवर ठेवले.

"आजी, तू ओल्या फळ्यांना तेल दिलं नाहीस, म्हणून आम्ही तिघं घरी आलो."

"मग तुझ्या कपाळाला टेंगूळ कसलं?"

"ती माझी हुशारी," नावाडी म्हणाला, आणि त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले.

आपल्या भल्यासाठी जो आपल्याला नकार देतो, त्याचे उपकार कधी विसरू नयेत.