बसलेला आवाज

"आणि माझा हा आवाज ऐकून ते दचकलं तर?"

केतकीने विचारलं, तेही कुजबुजत. समोर काचेच्या पेटीत तिचं बाळ होतं. सहा दिवसांचं. दोन महिने आधीच आलेलं, वजन जेमतेम सव्वा किलो.

शेजारच्या स्टुलावर भानूबाई बसल्या होत्या. केतकी बारा वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकत होती. बातमी कळल्यावर त्या मिरजेहून सकाळच्या एसटीने कोल्हापूरला आल्या होत्या.

ऑपरेशनच्या वेळी केतकीच्या घशात नळी घातली होती. तेव्हापासून आवाज बसला होता. सहा दिवसांत ती बाळाशी एक शब्दही बोलली नव्हती.

"सिस्टर म्हणतात, रोज बोला. म्हणून माझं रेकॉर्डिंग आणलंय. गेल्या गुरुपौर्णिमेचं. तसा आवाज मला पुन्हा लागला नाही, बाई."



केतकीने मोबाइल पेटीच्या गोल खिडकीशी धरला. तान सुटली. बाळाचे हात एकदम फाकले. कपाळ आक्रसलं.

सिस्टरने येऊन मोबाइल बंद केला. "एवढं मोठ्यानं नको हो त्याला."

केतकीचा चेहरा उतरला. "पाहिलंत? त्याला माझा आवाज नकोय."

"तुझा कुठे होता तो?"

"मग कुणाचा?"

"लोकांसमोरचा."

...

"पोटात असताना त्याने काय ऐकलं?" बाईंनी विचारलं.

"रियाज."

"आणि?"

केतकी आठवू लागली. "दूधवाल्याशी वाद. आईशी फोनवर गप्पा..."

"मग ते बोल."

"बाई, पण हा घसा..."

"बोल."

केतकीने खिडकीतून हात आत घातला. "दूध... दूध हल्ली फार पातळ येतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुझ्या बाबांना कळतसुद्धा नाही..."

बाळाचे हात हळूहळू मिटले. मान तिच्या बाजूला किंचित वळली.

आणि पेटीशेजारचं यंत्र वाजायला लागलं.

बाळाची छाती हलत नव्हती. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरत होता. नव्वद... एक्क्याऐंशी... चौऱ्याहत्तर.

सिस्टर धावत आली. बाळाच्या तळपायावर टिचकी मारू लागली.

केतकी हात ओढून घेत होती. बाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे नाही," सिस्टर मान न वळवता म्हणाली. "एवढी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात. तुम्ही बोलत राहा."

केतकी बोलत राहिली. आपण काय बोलतोय हे तिचं तिला कळत नव्हतं. दूध, वाळत घातलेले कपडे, जिन्यातला गेलेला दिवा.

बाळाची छाती एकदा उचलली.

...

पुन्हा उचलली. आकडा चढू लागला.

यंत्र शांत झालं. सिस्टर दुसऱ्या पेटीकडे गेली. केतकी मात्र थांबेना. शब्द अर्धेच बाहेर पडत होते, डोळे पडद्यावर खिळले होते.

"पुरे आता," बाई म्हणाल्या.

"मी गप्प बसले आणि ते पुन्हा थांबलं तर?"

भानूबाईंनी तिच्या ताठरलेल्या पाठीवर हात ठेवला.

"श्वास घे, केतकी. तोही त्याला ऐकू दे."